साईटचं अ‍ॅप चौदा महिने वापरल्यावर

मी मालकाच्या बाजूची इंजिनिअर. कंत्राटदाराची माणसं मला मालकाची समजतात, मालक मला साईटची समजतात, आणि आर्किटेक्टच्या ऑफिसात माझा फोन गेला की पलीकडून ‘आता काय झालं?’ हाच सूर येतो. दोन तळघरं आणि वर पाच मजले, अशी दवाखान्याची इमारत. काम सुरू होतानाच मालकांनी ठरवलं की ड्रॉइंग, प्रश्न, मंजुऱ्या, रोजचा रिपोर्ट, सगळं एकाच अ‍ॅपवर चालेल. चौदा महिने ते वापरलं. अ‍ॅपचं नाव देत नाही, कारण पुढे बरंच वाकडं बोलायचं आहे, आणि या जातीची अ‍ॅप्स आतून बरीचशी सारखीच असतात. घेणाऱ्याने काय तपासून घ्यायचं ते कळलं तरी पुरे.

आधीच्या कामांवर आमचा सगळा कारभार फोनवरच्या ग्रुपवर. एका इमारतीचे सात ग्रुप. स्लॅबचा फोटो, त्याखाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा, त्याखाली ‘सर, जिन्याचं ड्रॉइंग पाठवा’, त्याखाली एक अंगठा. तो अंगठा जिन्याला होता की वाढदिवसाला, हे सहा महिन्यांनी भांडण झाल्यावर उकरत बसायचं. त्यामुळे अ‍ॅपकडून माझी अपेक्षा फार मोठी नव्हती. कोण, कुणाला, कधी, काय म्हणालं, एवढं जरी एका जागी सापडलं तरी मी खूश होते.

ड्रॉइंगच्या बाबतीत त्याने अपेक्षेपेक्षा जास्त दिलं. प्रत्येक छापील ड्रॉइंगच्या कोपऱ्यात क्यूआर कोड येतो. फोन धरला की ती आवृत्ती चालू आहे की रद्द, ते कळतं. ऐकायला किरकोळ वाटतं. दुसऱ्या मजल्याच्या कॉलमचं लोखंड बांधणं चालू होतं, फिटरच्या हातातला कागद घडीवर फाटलेला, वर सिमेंटचं पाणी वाळून पांढरे ओघळ आलेले. मी सहज फोन धरला आणि स्क्रीन लाल झाली. नव्या आवृत्तीत जॉइंटजवळच्या रिंगांचं अंतर १५० वरून १०० मिलिमीटर झालं होतं. त्या कॉलमच्या अकरा रिंगा बांधून झाल्या होत्या. पकडीने तारा तोडून त्या परत बांधायला अर्धा तास लागला. हेच काँक्रीट पडल्यावर कळलं असतं तर काय झालं असतं, ते साईटवरच्या माणसाला सांगायला नको. त्या दिवसापासून फिटर स्वतःच फोन धरायला लागला. माझ्याकडून एवढ्या एका गोष्टीसाठी पूर्ण एक तारा.

२०१८ साली आयएसओ १९६५० हे बांधकामाची माहिती कशी सांभाळायची त्याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. त्यात माहितीच्या चार अवस्था धरल्या आहेत: अजून काम चालू असलेली, इतरांना दाखवलेली, वापरासाठी प्रसिद्ध केलेली आणि संग्रहात गेलेली. अ‍ॅपमध्ये याच चार कप्प्यांची सोय आहे. पण कप्पे असले म्हणून माणसं वस्तू योग्य कप्प्यात ठेवतात असं कुठे असतं! आर्किटेक्टच्या ऑफिसातला एक उत्साही मुलगा रात्री उशिरा अर्धवट ड्रॉइंग थेट ‘वापरासाठी’मध्ये टाकायचा, आणि सकाळी आठ वाजता सुताराने त्यावरून फळ्या कापलेल्या असायच्या. दोनदा असं झाल्यावर ‘वापरासाठी’ची किल्ली फक्त दोघांकडे ठेवली. ही सोय सेटिंगमध्ये खोल कुठेतरी आहे. ती पहिल्याच दिवशी शोधून काढा.

प्रश्न विचारायची पद्धतही आवडली. ड्रॉइंगवर बोट ठेवून पिन टोचायची, फोटो जोडायचा, प्रश्न लिहायचा, उत्तर कोणाकडून आणि कधीपर्यंत हवं ते भरायचं. मग यादीत प्रत्येक प्रश्नासमोर सध्या चेंडू कोणाच्या कोर्टात आहे ते दिसतं. मला हे फार सोयीचं पडलं. पूर्वी मी ‘सर, उत्तर राहिलंय’ म्हणून फोन करायचे तेव्हा मीच कटकटी ठरायचे. आता सोमवारच्या मीटिंगमध्ये यादी पडद्यावर लावायची आणि गप्प बसायचं. ज्याच्या नावासमोर सर्वाधिक लाल ओळी, तो स्वतःच घसा खाकरून बोलायला लागतो. बहुतेक वेळा तो सल्लागार असतो. कधीकधी ती मीही असते.

आता हिरव्या टिकेचं सांगते.

आमच्या अ‍ॅपमध्ये एखाद्याने प्रश्न उघडून पाहिला की त्याच्या नावापुढे हिरवी टिक येते. तिसऱ्या मजल्यावर प्लंबिंगवाल्यांना एका बीममधून ओळीने तीन सहा इंची पाइप न्यायचे होते, म्हणून काँक्रीटआधी स्लीव्ह, म्हणजे पाइपसाठी भोक राखणाऱ्या नळ्या, ठेवायच्या होत्या. त्यांनी पिन टोचली, स्केच जोडलं, प्रश्न स्ट्रक्चरल इंजिनिअरकडे पाठवला. दोन दिवसांनी टिक आली. कंत्राटदाराच्या इंजिनिअरने टिक पाहिली आणि स्लीव्ह बसवायला सांगितलं. लोखंडाच्या जाळीत स्लीव्ह तारेने घट्ट बांधल्या, तोंडं बोळ्यांनी बंद केली. काम अगदी स्वच्छ, मी स्वतः फोटो काढला. काँक्रीटच्या आदल्या संध्याकाळी स्ट्रक्चरलवाले लोखंड तपासायला आले, बीमपाशी थबकले आणि म्हणाले, “हे कुणी पास केलं?”

सगळ्यांनी फोन काढले.

“साहेब, तुमचीच टिक आहे.”

“मी प्रवासात उघडून बघितलं होतं. उत्तर कुठे दिलंय?”

त्यांचं बरोबर होतं. स्लीव्ह कॉलमला अगदी खेटून होत्या. तिथे बीमवर शिअर, म्हणजे त्याला कापू पाहणारा जोर, सर्वाधिक असतो आणि नेमका तिथेच आम्ही त्याचा छेद पोखरत होतो. कंत्राटदाराचंही, त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर, फार चुकलं नव्हतं. हिरवा रंग आणि टिक पाहून माणूस दुसरं काय समजणार? काँक्रीट दोन दिवस पुढे गेलं, स्लीव्ह काढल्या, पाइप बीमखालून वळवले, आणि त्या मजल्याच्या फॉल्स सीलिंगची उंची तेवढ्या पट्ट्यात कमी झाली. त्या वळशाबद्दल आर्किटेक्ट अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

त्या रात्री मला हयात रीजन्सी आठवलं. कॉलेजात शिकवलेल्या गोष्टींपैकी विसरता न येणारी ही एक. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या त्या हॉटेलात लॉबीवर टांगलेले पादचारी पूल होते. मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेला एकच अखंड रॉड चौथ्या मजल्याच्या पुलातून खाली दुसऱ्या मजल्याच्या पुलापर्यंत जात होता. बांधताना सोय म्हणून त्याचे दोन रॉड केले गेले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. कागदावर बदल इंचाचा. पण आता खालचा पूल वरच्या पुलालाच लटकला, आणि वरच्या बीमखालच्या नटवर दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ ला दोन्ही पूल कोसळले, ११४ माणसं गेली. शॉप ड्रॉइंगवर, म्हणजे लोखंडी भाग बनवणाऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगवर, इंजिनिअरचा शिक्का होता. त्या जोडाचं गणित मात्र बदलानंतर नव्याने झालेलंच नव्हतं. मूळचा जोडही नियमाला पुरा पडत नव्हता, हे पुढे चौकशीत निघालं. जबाबदार इंजिनिअरांचे मिझुरीतले परवाने गेले.

आमचा बीम काही त्या तोलामोलाचा नव्हता, मान्य. पण आमची हिरवी टिक आणि तो शिक्का सख्खी भावंडं वाटली. दोन्ही डोळ्यांखालून गेल्याची खूण, आणि पुढचा माणूस दोन्हीला होकार समजतो.

कंपनीच्या मदतकक्षाला फोन केला. फोन पटकन उचलतात, बोलतात गोड, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. पण टिक काढता येणार नाही म्हणाले, ती ‘वापरकर्त्यांची आवडती सोय’ आहे. निदान रंग तरी बदला म्हटलं. तेही नाही. शेवटी आम्हीच मीटिंगच्या इतिवृत्तात तीन ओळी घातल्या आणि सगळ्यांच्या सह्या घेतल्या: मान्य, बदलासह मान्य किंवा अमान्य, यापैकी एक शब्द उत्तर देणाऱ्याने स्वतः टाइप केल्याशिवाय उत्तर आलं असं धरायचं नाही, ‘बदलासह’ असेल तर बदल स्केचवर दाखवायचा, आणि उत्तर नसलेल्या जागी काँक्रीट करायचं नाही. त्यानंतर असा घोटाळा झाला नाही. त्याचं श्रेय मी अ‍ॅपला देणार नाही.

दुसरी मोठी तक्रार तळघराची. तळघरात नेटवर्क नसतं, हे बांधकामाचं अ‍ॅप बनवणाऱ्यांना तरी ठाऊक असायला हवं ना? अ‍ॅप ऑफलाइन चालतं, फोटो फोनमध्ये साठवतं आणि नेटवर्क मिळालं की वर पाठवतं. इथवर ठीक. पण फोटोवर वेळ टाकतं ती वर पोचल्याची, काढल्याची नव्हे. खालच्या तळघराच्या वॉटरप्रूफिंगचे जोड, कोपरे, पाणी भरून ठेवल्याची चाचणी, या सगळ्याचे चाळीसेक फोटो त्या टोळीच्या पोराने मंगळवारी काढले. बुधवारी त्यावर संरक्षक काँक्रीटचा थर पडला. पोराचा डेटा संपलेला, त्यामुळे फोटो वर गेले शुक्रवारी. नोंदीत काय दिसतं? काँक्रीट बुधवारी, आणि त्याखालच्या थराचे फोटो शुक्रवारी.

तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. नवव्या महिन्यात एका भिंतीच्या पायाशी ओल दिसली, तेव्हा कंत्राटदाराने हीच नोंद पुढे केली: हे फोटो आमच्या तळघराचे नाहीतच, दुसऱ्या कामाचे चिकटवलेत. वॉटरप्रूफिंगवाला बिचारा शपथा घेत होता. फोटो काढल्याची खरी वेळ मूळ फाइलच्या पोटात असते, पण अ‍ॅप फोटो लहान करताना ती पुसून टाकतं. नशीब एवढंच की पोराने फोनमधले मूळ फोटो उडवले नव्हते. ते काढून दाखवले, वाद मिटला. ओल भिंतीतून पाइप जातो त्या जागेची निघाली, म्हणजे दोघांच्या हद्दीच्या बरोबर मधली, पण ती वेगळीच कथा आहे. त्यानंतर मी नियम केला: झाकलं जाणार असेल त्या कामाच्या फोटोत एका पाटीवर खडूने तारीख आणि ग्रिड नंबर (ड्रॉइंगवर जागा दाखवणाऱ्या रेषांचा) दिसलाच पाहिजे. अ‍ॅपसाठी पैसे मोजून शेवटी पाटी आणि खडू!

मुकादमकाकांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांना टाइप करायला आवडत नाही. अ‍ॅपमध्ये बोलून लिहायची सोय आहे, म्हणून मी ती शिकवली. त्यांनी सांगितलं, “बी लाइनला सळई कमी पडली, कव्हर ब्लॉक पण संपले, सेंटरिंगवाले थांबलेत.” अ‍ॅपने लिहिलं, ‘बिल आईनला सलाई कमी पडली, कवर ब्लॉग पण संपले, सेंटर रिंग वाले थांबलेत.’ काकांनी मला वाचून दाखवायला लावलं, दोनदा हसले आणि म्हणाले, “मॅडम, याला आधी साईटवर महिनाभर ठेवा.” आता ते आवाजच रेकॉर्ड करून जोडतात आणि संध्याकाळी मी ऐकून एका ओळीत लिहिते. वेळ जातो. पण या कामाला काय आडवं येतंय हे सगळ्यात आधी मुकादमाला कळतं, आणि त्याचाच आवाज अ‍ॅपपर्यंत पोचत नसेल तर उरतो तो आम्हा टेबलावरच्या लोकांचा आपसातला पत्रव्यवहार.

सूचनांचा भडिमार वेगळाच. चाळीस माणसं, प्रत्येकाने काहीही केलं की फोन वाजतो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी आवाज बंद केला, आणि मग खरोखर तातडीचं तेही कुणी पाहिना. सूचना कुणाला कशाची जावी हे माणसागणिक ठरवता येतं. मला त्यासाठी एक पूर्ण दिवस बसावं लागलं. कंपनीचा माणूस हे करून देत नाही.

मालकांच्या स्क्रीनवर वर्तुळं आहेत. हिरवं, पिवळं, लाल, मध्ये टक्के. मालक डॉक्टर आहेत, त्यांना आकडा दिसला की बरं वाटतं. एका सकाळी त्यांचा फोन आला, “ब्याऐंशी टक्के दाखवतंय, आणि मी उभा आहे तिथे खिडक्याच नाहीत.” ते ब्याऐंशी टक्के बिलाच्या रकमेचे होते. स्ट्रक्चर, लिफ्ट, मोठी यंत्रं यांचे पैसे लागले की वर्तुळ फुगतं, पण माणूस आत राहायला जाऊ शकेल ते काम शेवटच्या तुकड्यात असतं आणि वेळ तोच खातो. वर्तुळाखाली ‘रकमेनुसार’ एवढा एक शब्द लिहिला असता तर तो फोन आला नसता. याउलट, मालकांचे राहिलेले निर्णय वेगळ्या यादीत येतात ते झकास आहे. फरशीचा नमुना, दारांचा रंग, ऑपरेशन थिएटरच्या दिव्यांची जागा, आणि प्रत्येकासमोर हा निर्णय न झाल्यास काय अडेल ते. डॉक्टरांनी ती यादी फोनच्या पहिल्या पानावर ठेवली. साईटवर फिरताना तोंडी बदल सांगायची त्यांची सवय काही गेली नाही. मी फेरी संपली की गाडीत बसायच्या आत पाच ओळी लिहून त्यांच्या नावाने अ‍ॅपमध्ये टाकते आणि ‘मान्य’ टाइप करून घेते. दोनदा त्यांनी ते वाचून “असं म्हणालो होतो का मी?” म्हणत बदल मागे घेतला.

कंत्राटदारांसाठी एक सूचना, कारण आमच्या कामावर ती जवळजवळ महागात पडली. अ‍ॅपमध्ये ‘उशीर होतोय, जागा ताब्यात नाही’ असं लिहिलं म्हणजे कंत्राटाप्रमाणे नोटीस दिली असं होत नाही. फिडिकच्या (सल्लागार इंजिनिअरांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) २०१७ च्या कंत्राटी अटींनी चालणारं काम असेल तर क्लेमची, म्हणजे जादा वेळ किंवा पैसे मागायची, नोटीस घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत द्यायची असते, आणि ती नोटीस आहे असं तिच्यावर स्पष्ट म्हटलेलं असावं लागतं. पिनखालच्या गप्पांना तो दर्जा नाही. आमच्या कंत्राटदाराच्या इंजिनिअरने तीन आठवडे पिनखाली तक्रार लिहिली आणि त्याला वाटलं काम झालं. मी मालकाच्या बाजूची, तरी त्याला बाजूला घेऊन सांगितलं. उद्या तो अडाणीपणाने हक्क गमावून बसला असता तर त्याचा राग माझ्याच स्लॅबवर निघाला असता.

नियोजनाचा भाग आम्ही दुसऱ्या महिन्यात बंद केला. त्यात आडव्या पट्ट्यांचा तक्ता येतो, सुंदर दिसतो, आणि तो बनवणाऱ्याशिवाय कुणी वाचत नाही. त्याऐवजी साईट ऑफिसच्या भिंतीवर कागद लावला आणि प्रत्येक टोळीच्या मुकादमाला वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या दिल्या. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांची लास्ट प्लॅनर म्हणून पद्धत आहे, ती साधारण अशीच. पुढच्या आठवड्यात काय करणार ते ज्याचं काम त्याने स्वतःच्या हाताने चिकटवायचं, आणि आठवडा संपला की दिलेल्या शब्दांपैकी किती पाळले ते मोजायचं. नाही पाळला तर का, तेही चिठ्ठीवरच. टाइल्सवाला सगळ्यांसमोर उठून प्लंबरच्या चिठ्ठीशेजारी आपली चिठ्ठी लावतो, तेव्हा दोघं तिथेच बोलून घेतात. अ‍ॅपमध्ये त्याला तीन पिना आणि चार दिवस लागले असते. संध्याकाळी भिंतीचा फोटो मात्र अ‍ॅपमध्ये जातो.

काम संपताना कळलेली गोष्ट: खातं कंत्राटदाराच्या नावावर होतं. त्याने वर्गणी थांबवली की मालकांना त्यांच्याच इमारतीची कागदपत्रं दिसणं बंद होणार. धावपळ करून सगळं उतरवून घेतलं. हजारो पानांची पीडीएफ आली, पण पिना आणि ड्रॉइंग यांचा एकमेकांशी संबंध तुटलेला. प्रश्न आहे, उत्तर आहे, ते इमारतीत कुठलं हे नाही. देखभालीच्या माणसाला पाच वर्षांनी व्हॉल्व्ह शोधायचा असेल तर त्याने ती पानं चाळायची म्हणजे कठीणच आहे.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या कामालाही मी हेच घेणार आहे. क्यूआर कोड आणि चेंडूवाली यादी यांच्याशिवाय मला आता करमणार नाही. खातं पहिल्या दिवसापासून मालकांच्या नावावर असेल, आणि ते तीन ओळींचं इतिवृत्त कंत्राटातच जाईल.

तुम्ही घेणार असाल तर डेमोला आलेल्या माणसाला गार खोलीत बसवू नका, तळघरात न्या. तुमचा फोन एअरप्लेन मोडवर टाका, भिंतीचा फोटो काढा, पिन टोचा. मग वर येऊन त्याच्याशी तासभर बोला आणि त्यानंतर फोन नेटवर्कवर आणा. फोटोखाली कोणती वेळ येते ते त्यालाच वाचायला सांगा. आमच्या डेमोच्या वेळी मला हे सुचलं नव्हतं.